पंखा थांबला नाही

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात एक विद्यार्थिनी रांगेत उभी होती. पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. नवऱ्याच्या हातात घरी जुळवलेला कंट्रोलर होता, वायरी लोंबकळत असलेला.

"काल भट्टीवरच्या मांसाचा पार कोळसा झाला, आणि तू तिचा पंखा बदलायला निघालास?"

"हळू बोल ना. भट्टी तापली तरी पंखा थांबलाच नाही, म्हणून निखारे भडकले."

"थांबेल कसा? सेन्सर भट्टीच्या बाहेर लोंबत होता. बाहेरची गार हवा मोजून तो पंख्याला म्हणतोय, फुंक! आवरताना पाहिलं मी."

"बाहेर? म्हणजे मी आत सोडलाच नाही?"

"आणि खेकसलास कोणावर? माझ्या बाबांवर. पाहुण्यांसमोर. 'झाकण उघडून वाट लावलीत!' न जेवता खोलीत जाऊन बसले ते."

"संध्याकाळी बोलतो त्यांच्याशी."

"आत्ता. माझ्यासमोर."

नवऱ्याने सासऱ्यांना फोन लावला. "हॅलो, बाबा? हो, दुकानातच आहे. ते... पंखाच खराब निघाला बघा."

"शाब्बास," बायको म्हणाली.

"नाही हो बाबा, 'यापुढे कशाला हात लावणार नाही' असं काय बोलता? तुमचंच घर आहे... बाबा, ऐका ना. पंखा चांगला आहे हो. मीच..."