नकली चिप

कळव्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर गोदा म्हात्रे बसली होती. आत तिचा दिपेश होता. कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या नव्या प्रेसखाली त्याचा उजवा हात सापडला होता. शेजारी एक पोरगा आणि एक पोरगी येऊन बसली. गोदानं त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

“मैथिली, आपल्या सगळ्या टेस्ट पास झालेल्या.”

“कॉम्प्युटरवर, सलिल. प्रेस चालवणारी खरी चिप आलीच नव्हती. आपण नकली चिप बनवून तिच्यावर प्रोग्राम चालवलेला.”

“सगळेच करतात. चिप येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं का?”

“नाही रे. पण चिप आल्यावर पुन्हा सगळं तपासतात. तू फक्त मशीन चालू होतंय का बघितलंस.”

“वरून घाई होती ना! आणि हात पुढे आला की प्रेस थांबायची. दर वेळी थांबलेली.”

“हात ओळखणारा आपला नकली सेन्सर कधी उशीर करत नव्हता. खऱ्यानं केला.”

“घरच्यांना सांगायचं, ऑपरेटरची चूक झाली. साहेब तसंच म्हणाले.”

“तू सांग. मला नाही जमणार.”

दार उघडून सिस्टर बाहेर आली.

“दिपेश म्हात्रेचं कोण आहे?”

तिघंही उभी राहिली.

“हात काढावा लागला,” सिस्टर हळूच म्हणाली. “आई कोण?”

“मी त्याची आय,” गोदा म्हणाली, आणि त्या दोघांकडे वळली. “आता सांगा. काय चूक झाली त्याची?”