स्टेरिंगचा दोष नव्हता

मी साखरशेतचा. माझा बाप साखरशेतचा, त्याचा बाप पण साखरशेतचाच, भात आन नागली, दुसरं काय पिकत नाय आमच्याकडं, आन दिवाळी जाली का घराला कडी लावून ठाण्याकडं वीटभट्टीवर जायाचं, तं मी पण तसाच वाढलो, थोडा गावात, थोडा भट्टीवर. भट्टीवर एक ट्रकवाला भय्या व्हता, त्यानं मना गाडी शिकवली, क्लच छोड, धीरे छोड, अबे धीरे, असं वरडून वरडून. शाळा सुटली पण गाडी हातात बसली. मंग लगीन जालं, बायको काशी, ती वांगणीची, आन मंग जुनी जीप घेतली आन जव्हार-मोखाडा लाईनला लावली.

आता माझा स्वभाव सांगतो तुम्हाला, डोकं तापट. गाडी बंद पडली का गाडीला शिव्या, टायर बसला का टायरला शिव्या. काशी बोलते, तुझी चूक कधी नसतेच, टायरच मेला नालायक. पण हात माझा पक्का. रेडिएटर तापला का बाकीचे ड्रायवर फडकं शोधायचे, मी उघड्या हातानं झाकण फिरवायचो. फोड यायचा, पण दुखायचा नाय. स्टँडवर पोरं बोलायची, देवजीचा हात लोखंडाचा हाय. आन मना पण तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मंग काय जालं, ते स्टेरिंग घसराया लागलं. लेदर पार गेलेलं त्याचं, वरनं गुळगुळीत, खाली साली निघालेल्या, घामानं काळं काळं हाताला लागायचं. वळणावर मी उजव्या हातानं आवळून धरायचो तरी हातातनं सुटायचं. एका बाजाराच्या दिवशी जीप भरलेली, मागं बाया, टोपल्या, कोंबड्या, पुढं माझ्याशेजारी तीन जण, आन मोखाड्याच्या अलीकडं वळणावर स्टेरिंग सटकलं ते सटकलंच, गाडी पार कडेला, खाली दरी. डाव्या हातानं कशी वडली मलाच ठावं. बाया किंचाळल्या. एक म्हातारी खाली उतरली, बोलली, बाबा, मी चालत जाते, मना मरायचं तं घरी मरंन. आन मी काय केलं माहीत हाय? स्टेरिंगवर बुक्की मारली, आयला तुझ्या स्टेरिंगच्या, बोललो.

त्याच दिवशी जव्हारला नवीन कव्हर घेतलं. चांगलं, खऱ्या लेदरचं, दुकानदार बोलला, रेग्झीन नाय हां हे. कडंला भोकं पाडलेली असतात, बरोबर जाड सुई आन मेणाचा दोरा देतात, ओवून ओवून आवळून घ्यायचं. आता ते काम माझ्या हातानं नीट होईना, बोटं वळंचनात, तं मी बोललो, काशे, तू गोधड्या शिवते, ये, हे शिव. मंग सकाळी अंगणात जीप उभी, जुनं लेदर ब्लेडनं कापून काढलं, काशी ड्रायवरच्या सीटवर बसली, बोलली, बघ, आजपासून मी शेठाणी. मी बाहेरनं दारातून हात घालून लेदर दाबून धरलेलं, म्हणजे ताण राहतो. ती ओवते, मी धरतो, आन माझं तोंड चालू, त्या म्हातारीलाच शिव्या घालतो, का माझ्या गाडीची बदनामी करील आता.

तं सुई अडकली. काशीनं वडली, येईना. परत वडली. तं माझी करंगळी सुईसंगं हालली. सुई माझ्या बोटात आरपार, लेदरातनं निघून सरळ बोटात, आन माझं तोंड चालूच. काशीनं एकदम तोंडावर हात ठेवला. मी बोललो, काय जालं गं? तिनं माझ्या करंगळीकडं बोट दाखवलं. मी खाली बघितलं. काय सांगू तुम्हाला, आपलाच हात, आपलंच रगत टपकतंय, आन कुणा दुसऱ्याचं बोट बघितल्यासारखं. मी तिथंच खाली मातीत बसलो.

काशी हुशार. सुई काढली, पुसली, बोलली, डोळे मीट. मी मिटले. बोलली, टोचलं का सांग. मी बोललो, टोच की. मी वाट बघतोय. मी परत बोललो, टोच की, घाबरते काय. तं ती बोलली, टोचून जालं रे. डोळे उघडले तं करंगळीशेजारच्या बोटावर रगत, हाताच्या कडंला रगत. आन मंग तिनं माझी बाही वर केली, कोपरावर एक फिका चट्टा व्हता, बिनदुखीचा, मी समजत व्हतो का खिडकीतनं हात बाहेर असतो तं उन्हानं उडालाय रंग.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं कोपराची नस दाबली, कापूस फिरवला, आन बोलला, कुष्ठरोग. आमच्याकडं रगतपिती बोलतात. मना ऐकूच येईना पुढचं. त्याचं तोंड हालतंय, काशी मान डोलवतेय, आन माझ्या डोळ्यांपुढं ते वळण, भरलेली जीप, आन हात झोपलेला. स्टेरिंग घसरत नव्हतं वो. माझी पकड गेलेली, आन मी लेदराला शिव्या घालत व्हतो! डॉक्टर काय बोलला ते मंग काशीनं सांगितलं, गोळ्या फुकट हायत, चालू केल्या का पसरत नाय, हात वाचंल बराच, पण सध्या सवारी घ्यायाची नाय. आन घरातल्या सगळ्यांना घेऊन ये तपासायला.

मी वाटेत काशीला बोललो, स्टँडवर सांगू, कंबर धरली. ती बोलली, कंबर धरल्यावर अंग काळं पडतं काय? त्या गोळ्यांनी काळवंडतं ना अंग. आन गेली सरळ स्टँडवर, सगळ्यांसमोर बोलली, याला रगतपिती जालीय, गोळ्या चालू, पसरत नाय, गाडी आता याचा चुलतभाऊ चालवंल, आन तुम्ही पण आपापले हात बघा. दोघं-तिघं मागं सरकले. चहावाला मना कागदी कपात चहा द्याया लागला, बाकीच्यांना काचेच्या गिलासात. लागलं मना ते. अजून लागतं.

पण खरा धक्का पुढंच व्हता. माझी पोरगी सोनी, तिच्या मनगटाच्या वर फिका डाग व्हता, आम्ही समजत व्हतो पोटात जंत जालेत, तसंच बोलतात ना सगळी. दवाखान्यातल्या बाईनं तिला डोळे मिटाया सांगितले आन डागावर कापूस फिरवला. सोनी गप्प. बाई परत फिरवते, सोनी गप्पच, तोंडावर हसू, वाट बघतेय कधी गुदगुल्या करतात. मी भिंतीला डोकं टेकलं. माझं जाऊ दे, पण पोरीचा हात? काशी त्या दिवशी पहिल्यांदा रडली. बाई बोलली, रडू नका, बोटांत ताकद हाय, लवकर सापडलं, तुमच्यामुळंच सापडलं.

आता दोघांचा पण गोळ्यांचा कोर्स पुरा जाला. माझी करंगळी वाकडी ती वाकडीच, पण पकड थोडी आलीय, रोज पाण्यात हात बुडवतो, तेल लावतो. गाडी चुलतभाऊ चालवतो, मी स्टँडवर उभा राहून जव्हार जव्हार वरडतो, घसा अजून दणकट हाय.

परवाचीच गोष्ट. सोनी चुलीवरनं चहाचं भांडं उतरवाया गेली आन किंचाळली, आये, भाजलं गं! काशी पाणी घेऊन धावली, पोरगी त्या डागाच्याच हाताची बोटं फुंकतेय, रडतेय, आन मी दारात बसल्या जागी हसाया लागलो, आवरंचना. काशी बोलली, येडा जाला काय, पोर भाजली आन हसतो? मंग तिच्या ध्यानात आलं, तशी ती पण खाली बसली, पोरीचा हात पाण्यात धरून. सोनी दोघांकडं बघते, तुम्हाला काय जालं, बोलते. मी बोललो, काय नाय बाय, तू रड, चांगली मोठ्यानं रड.