उंबऱ्यापाशी थांबलेले रिव्ह्यू

...आणि म्हणूनच, मल्लेश्वरी मॅडम, तुम्ही आत्ता बोललात ना, "बसवप्रभु पुढं चाललाय, आनंद माना", तिथंच माझं गाडं अडायलंय. पण आधी रीत पाळते. समारंभाचे अध्यक्ष आदरणीय गुरुशांतप्पा सर, आम्हाला कॉम्प्युटर शिकवलेल्या मल्लेश्वरी मॅडम, सत्कारमूर्ती बसवप्रभु अण्णा, त्याच्या आई चंद्रम्मा काकू, आणि मादन हिप्परग्यातल्या सगळ्या मंडळींनो, विजयश्रीचा नमस्कार.

हार झाला, शाल झाली. अण्णा उद्या हैदराबादला जायलाय, दवाखान्याच्या बिलाचं सॉफ्टवेअर करायला. गेम करणं त्यानं सोडलंय. कामून सोडलं, ते इथं कुणी बोलंना, म्हणून मी बोलते.

आमचा गेम 'दिवेलागण'. हातात धरायच्या छोट्या मशीनवर खेळायचा. कोडी अण्णानं रचली, चित्रं मी काढली. एक पोरगी दिवा घेऊन उड्या मारत घरोघर जाते. दिवा खाली ठेवायला वाकायचं एक बटन आहे. तिसऱ्या लेव्हलला बंद दार येतं. उंबऱ्यापाशी तेच बटन दाबलं की पोरगी वाकून चपला काढते, आणि दार उघडतं. खरी मजा त्याच्या पुढं. आत दिवा लावला की पुढलं दार मिटतं, आणि मागल्या दारानं निघावं तर सगळीकडं काटे, आणि पाय अनवाणी. मग चपलांपर्यंत परत कसं यायचं? या एका कोड्यावर अण्णानं अख्खा उन्हाळा घातला.

खेळून कुणी बघितलं? तुम्हीच. चंद्रम्मा काकू खेळताना गेममधली पोरगी दारात पोचली आणि काकू स्क्रीनवरच खेकसल्या, "अगं ए, चपला घालून कुठं चाललीस घरात?" दाबलं बटन, उघडलं दार. राघोबा मामा तर म्हणले, "हे कोडं हाय व्हय रे? काहीतरी अवघड टाक की." एकही माणूस अडकला न्हाई. मग सूचना लिहायची कशाला?

गेम बाहेर पडला, आणि परदेशातनं रिव्ह्यू आले. पहिल्यानं लिहिलं, 'चित्रं सुंदर, पण तिसऱ्या लेव्हलला दार उघडत नाही. गेम बिघडलेला आहे.' दहापैकी तीन. दुसऱ्यानं तेच. तिसऱ्यानं व्हिडिओ टाकला, आमची पोरगी दारावर धडका मारायलीय आणि हा हसायलाय. काट्यांपर्यंत कुणी पोचलंच न्हाई. तिकडं लोक बूट घालून घरात फिरतात, हे आम्हाला ठाऊक न्हवतं का? सिनेमात रोज बघतो. पण डोक्यात आलं न्हाई.

मी इंग्लिश मीडियमची, म्हणून दारात चपला काढायच्या असतात, हे सगळ्यांना मीच कळवलं. दारापाशी सूचना टाकून गेम दुरुस्तही केला. उत्तर एकाचंच आलं, लई सभ्य माणूस. 'कळवल्याबद्दल आभार. एकाच गेमवर आम्ही दोनदा लिहीत नाही.' तो तीनचा आकडा आजही तसाच आहे. तो बघून कुणी गेम घेत न्हाई, आणि कुणी खेळल्याशिवाय तो बदलत न्हाई.

परवा मी म्हणलं, "अण्णा, दुसरा कर की."

तो म्हणला, "विजू, दुसऱ्यातपण असंच एखादं दार असंल. मला ते दिसायचं न्हाई, तुलाबी न्हाई. कुठं शोधू, सांग."

तवापासनं मी तेच शोधायलेय. मॅडम, म्हणून मला टाळ्या वाजवता आल्या न्हाईत, राग मानू नका.

सरांनी बोलू दिलं, मठानं सभागृह दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझं मराठी असं घरचंच, कमी-जास्त बोलले असेन तर पदरात घ्या. फक्त जाता जाता विचारते. येताना मी बघितलं, बाहेर सगळ्यांच्या चपला निघाल्यात आणि दारावर पाटी न्हाई. जे आपल्याला कधी कुणी सांगावंच लागलं न्हाई, ते दुसऱ्याला सांगायचं राहिलंय, हे आपल्याला कळावं तरी कसं? तुम्हाला काय वाटतंय?