धोंड्याच्या जेवणातली वाईन

आईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सांगताना थोडा वाढतो, एवढंच.

अधिक महिन्यात नवा जावई पुण्याहून पहिल्यांदाच धोंड्याच्या जेवणाला आमच्या केदारखेड्याला येणार होता. त्याला वाईन आवडते असं लेकीनं फोनवर सांगितलं, म्हणून मी जालन्याहून तांबड्या वाईनची बाटली आणली. बायकोनं आधी बोटभर चाखली अन् तोंड वाकडं केलं.

"अवो, आंबली ही. जावयापुढं असलं ठेवलं तर माझी काय इज्जत राहील?"

"अगं, ती अशीच असती."

"तुमाला कसं काय ठाऊक?"

मी पिशवी उचलली अन् पानसुपारी आणायला बाहेर सटकलो.

माझी पाठ वळताच तिनं वाईन पातेल्यात ओतली, गूळ-वेलची घालून बराबर उकळी आणली अन् पुरणाच्या धोंड्यांसोबत वाढली. जावयानं घोट घेतला. बायको पदराचं टोक पिळत उभी.

तो म्हणाला, "आई, अशी वाईन पुण्यात कुठंच मिळत नाही," अन् दुसरा पेला मागितला.

दुसऱ्या पेल्याचं मात्र मी पदरचं घातलं. त्यानं पहिलाच कसाबसा संपवला, पण थेंब ठेवला न्हाई. तवापासून बायको त्याला जावई म्हणत न्हाई, लेक म्हणती.