थांबली की गरम

—नाही नाही, आबासाहेब, काचेला हात लावू नका, ती खाली जाते पण वर येत नाही — म्हणजे येते, पण दोघांनी दोन्ही बाजूंनी तळहात लावून ओढावी लागते, आणि पाहुण्याला काच ओढायला लावली हे लीलाताईला कळलं तर बहीण असून ती मला उंबरा ओलांडू देणार नाही. म्हणून सगळ्या काचा मी इकडून बंदच करून टाकल्यात. एसीच्या गाडीत काच उघडायची कशाला? विडा जमलाय ना? पानवाल्याला मुद्दाम सांगून ठेवलं होतं, समरजीतचे आजोबा खास बडोद्याहून आमची भाची हर्षिता बघायला येतायत, मानाचा विडा आहे, हात आखडू नकोस. त्यानं बशीएवढा बांधला. सावकाश होऊ द्या. आपण बोलू नका, मी बोलतो.

आता आपण विचाराल — डोळ्यांनी विचारताच आहात — की जगदेवराव, फोनवर म्हणालात दारापासून दारापर्यंत गारेगार, मग हे भट्टीचं वारं कुठून येतंय? तर त्याचं असं आहे, की गाडी वयस्कर आहे आणि वयस्कर गाडीचा एसी म्हणजे वयस्कर माणूस, चालता असला की प्रसन्न, बसवला की तापतो. थांबली की गरम, पळाली की गार. बघा, पळवतो — आला की नाही गारवा? आला. म्हणून तर मी आपल्याला थोडा गाव दाखवतोय. ही गोरखी, शिंद्यांचा जुना वाडा. हो, मघाशीही गोरखीच होती. आणि त्याआधीचीही. तिच्या तिन्ही बाजू बघण्यासारख्या आहेत, एका फेरीत काय कळणार?

पूर्वी असं नव्हतं हो. पूर्वी हा एसी असा होता, असा होता की मी मे महिन्यात मुरैन्याहून तिळाची गजक घेऊन निघालो तर इथे आमच्या लष्कर भागात पोचेपर्यंत तिची फरशी झाली, मधुभावजींनी, लीलाताईच्या यजमानांनी, दात लावला आणि दातच तिच्यात राहिला, आजही राहिलाय, दाखवीन आपल्याला. झाशीच्या रस्त्यावर एक ट्रकवाला शेजारी आला, माझ्या बॉनेटवर दंव बघून त्यानं भर दुपारी गळ्याला मफलर गुंडाळला. खोटं वाटतं? मधुभावजींना विचारा. म्हणजे मी आधी त्यांच्या कानावर घालतो, मग विचारा.

मग एक दिवस बिघडला. मुरारचा एक मिस्त्री म्हणाला गॅस संपला, भरला, नाही झाला. दुसरा म्हणाला नळीत उंदीर आहे. उंदीर निघाला, पण एसी नाही झाला, उलट उंदीर जाताना जरा गारठलेला दिसला, म्हणजे आत कुठेतरी थंडी होती, फक्त आमच्यापर्यंत येत नव्हती. तिसऱ्यानं तर वास्तू बघा म्हणून सांगितलं, गाडीची. शेवटी हर्षितानं बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं आणि दोन दिवस — म्हणजे — डोकं म्हणजे लक्ष. लक्ष घातलं. लांबून. ती मुळात भरतकामवाली. अंबाड्यात स्क्रू पिळायचा पेचकस खोचून — आकडा, आकडा खोचून बसते ती, आणि टाके घालते. बारीक टाके. वायरला — असो. आपल्या घरात मुलींनी ग्रीसला हात लावलेला चालत नाही असं कानावर आलं, आणि एक स्थळ तर आपण नुसतं सरबत कोमट निघालं म्हणून सोडलंत म्हणे? तेव्हापासून लीलाताईला झोप नाही. मुलीला समरजीत आवडलाय, समरजीतला मुलगी आवडलीये, पण होकार आबासाहेबांचा. आणि मला ताकीद — जगदेव, पाहुणे गार उतरले पाहिजेत, आणि तू गप्प राहिलं पाहिजेस. मी गप्पच आहे.

पण आपण काहीच बोलत नाही. रुसलात? बघा, आता रुसलात तर मंडपात रुसायला काय उरेल? मान हलवताय. उं? उंउं काय? समोर बघू? बघतोच आहे. हा पोरगा हातानं मूठ उघडझाप करून मला काय सांगतोय — हां, हे आपलं ग्वाल्हेर. नाही, आत्ता नाही लावलेली बत्ती, ही त्याची मागच्या गाडीवाल्याला खूण, तुझी बत्ती जळतेय. मघाशी मात्र आपलीच होती. स्टेशनातून निघालो तर समोरचे दिवे लख्ख, भर दुपारी, आणि सगळं गाव असं मूठ उघडझाप करून सांगतंय, दादा, बत्ती, बत्ती. सायकलवाला सांगतोय, टेम्पोवाली बाई सांगतेय, पडावच्या चौकात तर हवालदारानं शिट्टी सोडून सांगितलं. एवढ्या लोकांनी आपुलकीनं सांगितलं आणि माणसानं विझवली नाही, तर लोक काय म्हणतील, मराठे मगरूर झाले. मी विझवली, सगळ्यांना हात केला. हर्षितानंही सकाळी किल्ली देताना तेच बजावलं होतं, मामा, बत्तीचं लक्षात ठेवा — पुढचं मी ऐकलं नाही, म्हटलं हो हो, बाई, विझवीन, मला कळतं.

तेव्हापासून जरा गरम मारतोय खरा. योगायोग.

पुन्हा गोरखी. आता मात्र घरी न्यायला हवं, लीलाताईचा फोन वाजून वाजून थकला. दारातलं औक्षण तेवढं गाडी न थांबवता उरकता येईल का, असं मी तिला विचारलं होतं. मी हळू नेतो, तू ताट घेऊन बाजूनं चाल, कोपऱ्यापर्यंत होईल. तर तिनं फोनच ठेवला. हा खासगी बाजार, आमचा मोहल्ला. इथून घर हाकेवर — अरे! आता हे काय? ओ भैया, ठेला हटाओ! बघा नशीब, गल्ली अडवलीय कशानं, तर कूलरच्या ठेल्यानं. एवढे कूलर डोळ्यांसमोर आणि आपण आत वाफेवर. थांबलो. थांबलो, आबासाहेब. आला गरम झोत. आपल्या मिशीचा कलप — नाही, काही नाही, घाम आहे, जरा रंगीत घाम आहे. टिपू का? राहू द्या. पांढरा बंदगळा शोभतो आपल्याला. गाल का एवढे फुगलेत? राग आला की फुगतात काहींचे. डोळ्यांत पाणी? आबासाहेब, एका कूलरच्या ठेल्यापायी त्या पोरांचं जमलेलं मोडू नका हो, मी पाया पडतो, गियरमध्ये असल्यामुळे मनातल्या मनात पडतो—

अहो, हात कुठे घालताय? ती दांडी एसीची नाही, दिव्यांची आहे. लावलीत ना बत्ती! आता सगळी गल्ली मुठी उघडझाप करायला लागेल — हा बघा, ठेलेवाल्यानं सुरुवात केली. विझवतो. मनगट का धरताय? समोर जाळीमागे काय घुर्र झालं? पंखा? पंखा फिरतोय? आणि हे... हे गार. आबासाहेब, थांबलेल्या गाडीत गार! विझवून बघू? गरम. लावून? गार. म्हणजे तो पंखा दिव्यांच्या वायरला जोडलेला — म्हणजे सकाळी पोरगी सांगत होती की बत्ती विझवू नका. आणि मी सगळ्या गावाचं ऐकलं, तिचंच तेवढं नाही.

ठेला सरला. आलं, आलं घर. त्या दारात ताट घेऊन लीलाताई, मागे ट्रे घेतलेली ती हर्षिता — अंबाड्यात आकडाच आहे तो, ऊन पडलं की लोखंडी दिसतो. दार उघडतो. आधी गटाराची नाली? बरोबर, नाली या बाजूला — अरे देवा. विडा! एवढा वेळ तोंडात होता? आणि मी काचा... घ्या, मोकळे व्हा. पाणी घ्या. बंदगळ्यावर थेंब नाही, वा, याला म्हणतात खानदान.

बोला. काय? जोडणी कुणी केली? जोडणी... तशी मीच, म्हणजे माझ्या देखरेखीखाली... हो. तिनंच. काळे हात धुऊनच ट्रे धरलाय हो तिनं, मी शपथ — काय म्हणालात? बडोद्याला आपल्याही गाडीचं असंच? थांबली की गरम? आणि तिथल्या मिस्त्र्यानंही उंदीरच सांगितला?

हर्षिता, पन्ह्याचा ट्रे ठेव खाली, बाळ, आणि तो पेचकस काढ डोक्यातला. हे बघ, आबासाहेब विचारतायत, येताना बडोद्याला तू स्वतः — म्हणजे सून म्हणून येशील तेव्हा, आधी गाडी बघशील की आधी — काय, आबासाहेब? मी बोलू नको?

बरं. आपण बोला.