दोन घटिकांची चूक

कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय अमरसिंहदादा, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, हस्तलिखित विभागातून आज निवृत्त होणाऱ्या आमच्या संयोगिता मॅडम, आणि वाचनालयावरच्या लोभाने कसबा बावड्यातून, थेट कुरुंदवाडहूनही आलेल्या बंधुभगिनींनो,

मी जोतीराम. शिक्षण दहावीपर्यंत. मला बोलायला उभं केलंत, हा आपला मोठेपणा. भाषण लिहून आणलं आहे, वाचूनच दाखवतो.

नऊ वर्षांपूर्वी मी इथे पुस्तकांवरची धूळ झटकायला लागलो. रजिस्टरमधलं माझं अक्षर बघून मॅडम म्हणाल्या, "अक्षर सरळ हाय की. मोडी शिकतोस?" शिकलो. मग कुरुंदवाडच्या नरहरपंत ज्योतिष्यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागद, आमच्यापुढे सुटले. दोनशे वर्षांपूर्वी ग्रहणांचं गणित मांडणाऱ्या या माणसाची पत्रं मॅडमनी जुळवली, मी देवनागरीत उतरवली. त्याच पत्रांचं पुस्तक आज या टेबलावर आहे. थोड्याच वेळात प्रकाशन होईल.

त्या पुस्तकात माझी एक चूक आहे.

नरहरपंतांनी पेठ वडगावच्या शिवमूर्ती या शिष्याला कळवलं होतं, की सूर्योदयानंतर बारा घटिकांनी ग्रहण सुटेल. एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटं. पत्राखालची त्यांची बेरीज मी सहज करून पाहिली. चौदा आली. तीन वेळा केली, चौदाच. एवढ्या थोर माणसाची चूक छापायची कशी? मी पत्रात चौदा लिहिलं. वाटलं, सेवाच केली. मूळ कागदांशी शेवटची पडताळणी मॅडमनी विश्वासाने माझ्यावर सोपवली होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

परवा छापलेलं पुस्तक वाचताना पुढच्याच पानावर थांबलो. वेगळ्या रुमालातून कधीतरी मीच उतरवलेलं शिष्याचं उत्तर होतं, "आपण बारा लिहिले. येथे पाण्यात घटिकापात्र सोडून पाहिले, चौदा जाहल्या." त्यावर पंतांचं, "बेरजेत दोन घटिका आमचे हातून राहिल्या. तुम्ही डोळ्यांनी पाहिले तेच खरे."

माझ्या चौदामुळे शिष्य खोटा ठरला, आणि गुरूची कबुली अर्थहीन झाली. मी पंतांची चूक झाकायला गेलो, त्यात त्यांचा मोठेपणाच झाकला गेला.

काल मॅडमना सांगितलं. आठ वर्षांचं त्यांचं काम. त्यांनी चष्मा पुसून ती दोन्ही पानं वाचली. मग म्हणाल्या, "पंतापेक्षा शाणा झालास व्हय रं?"

मी म्हटलं, प्रकाशन पुढे ढकलूया.

"कशाला? चिठ्ठी छाप, चिकटव. खाली तुझं नाव घाल."

"नाव कशाला, मॅडम?"

"त्या पंत म्हाताऱ्यानं चुकीखाली सोताचं घातलंय न्हवं?"

आज सकाळी आम्ही दोघांनी सगळ्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या. एकच प्रत ठेवली आहे. अध्यक्षसाहेब, तिच्यात मॅडमनी सर्वांसमोर चिठ्ठी लावावी आणि मगच प्रकाशन व्हावं, ही विनंती. चिठ्ठीवर लिहिलं आहे: "पृष्ठ ६४ वर चौदा छापले आहे. मूळ पत्रात बारा आहे. बदल माझा. जोतीराम गुंडू चौगुले." माझं नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ.

मॅडम, तुम्ही मला वाचायला शिकवलंत. काल, जसं आहे तसं वाचायला शिकवलंत. तुमचे आणि सभागृहाचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल, तर कृपा करून मनातल्या मनात सुधारून घेऊ नका. मला येऊन सांगा.