उरलेले बारा क्रेट

(कोचाबांबाचा बाजार, गुरुवारची दुपार. युसेबियाच्या फळांच्या गाळ्यामागे बारा क्रेट एकावर एक रचलेले.)

युसेबिया : ये गं नायदा, अशी जवळ बस. मोजणं पुरे आता. आज तुला एक गोष्ट ऐकवते, आपल्या गाणाऱ्या म्हाताऱ्या ताता झेनोननी सकाळी गायलेली.

नायदा : मावशी, गोष्ट नंतर. आधी सांग, हे बारा क्रेट आले कुठून? तीन महिने मी बादली घेऊन गाळ्यागाळ्यावर फिरतेय. फेकायचं फळ द्या, मी वाळवून पाकिटं करते. मिळतं काय? दोन कुजके पीच आणि तुम्हा बायकांचे टोमणे.

युसेबिया : कुजका एकच होता. दुसरा तू दाबून बघितलास.

नायदा : आणि आज एकदम बारा!

युसेबिया : मग हस की! तुला वाळवणाचं यंत्र वापरायला दिलेले यंत्रवाले उद्या तपासायला येणार म्हणून रडत होतीस ना? वाळवणाची ताटं रिकामी दिसली तर यंत्र उचलून नेतील म्हणून? भर आता ताटं.

नायदा : भरते. पण मला कळू तर दे. पदवीच्या प्रबंधासाठी मी चाळीस गाळ्यांवर विचारलं होतं, दिवसाला किती उरतं? तूच म्हणालीस, एक क्रेट.

युसेबिया : उरतोच की.

नायदा : मग तो कचऱ्यात का नसतो? मी डबे उपसून पाहिले. कणसाची सालं होती आणि एक मांजर होतं.

युसेबिया : तू विचारलंस किती उरतं. वाया किती जातं, असं कुठं विचारलंस?

नायदा : एकच ना ते?

युसेबिया : अगं बाई! हिला पदवी दिली कुणी?

नायदा : मावशी, माझं डोकं गरगरायला लागलंय. नीट सांग.

युसेबिया : हे बघ. पपई कडक आहे तोवर विकते. जरा मऊ पडली की यापा. नेहमीची बाई चार घेते, तिला वरून एक फुकट. यापा घातली नाही तर पुढच्या आठवड्यात ती बाई फेलिसाच्या गाळ्यावर दिसेल. आणखी मऊ झाली की ताता झेनोनच्या पिशवीत. सालं घरी, गिनीपिगांना.

नायदा : म्हणजे कचरा कुठंय?

युसेबिया : तीन महिने तू शोधतेस, मी बघतेय. म्हटलं, शिकलेली पोर आहे, सापडेल तिला.

नायदा : आणि बोलली नाहीस!

युसेबिया : तुझी लेबलं छापून आली होती गं. पिवळी, वर सूर्य काढलेला. कशी बोलू?

नायदा : मग हे बारा?

युसेबिया : काल आमच्या ओळीतल्या सगळ्या गाळ्यांवर गेले. म्हटलं, बायांनो, एक दिवस यापा बंद. माझ्या बहिणीच्या पोरीसाठी. फेलिसासुद्धा हो म्हणाली, आणि ती दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही.

नायदा : आज कुणालाच यापा नाही?

युसेबिया : कुणालाच नाही. आता तरी गोष्ट ऐक. ताता चॅपलच्या पायरीवर बसले, चारांगोच्या तारा लावल्या आणि येशूच्या पाच भाकरींची कथा उचलली. थोडं सांगायचं, थोडं गायचं. हजारो जेवले, बारा टोपल्या उरल्या. तिथं ताता थांबले. म्हणाले, सांगा लेकरांनो, त्या बारा टोपल्या गेल्या कुठं?

नायदा : कुठं?

युसेबिया : कुणी लिहून ठेवलं नाही म्हणाले. आणि मग असा सूर लावला, असा सूर लावला! ज्यांना डोंगर चढता आला नाही त्यांच्या दारी गेल्या. लंगड्याच्या, बाळंतिणीच्या, अंथरुणावरच्या म्हातारीच्या. मी पदरानं डोळे पुसतेय, तेवढ्यात ते पिशवी घेऊन माझ्यासमोर उभे.

नायदा : मावशी, तू नाही म्हणालीस?

युसेबिया : म्हणाले. मागं हे बारा दिसत होते, तरी मी नाही म्हणाले.

नायदा : मग?

युसेबिया : त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "माझ्या गाण्यात काही चुकलं का, मुली?"

नायदा : एक द्यायची होतीस गं!

युसेबिया : इकडे तुझं यंत्र, तिकडे त्यांची पिशवी. मी फडकं घेऊन पपया पुसत बसले. पुसलेल्याच परत पुसल्या.

नायदा : ते स्वतः खातात?

युसेबिया : बायकोला नेतात. असुंता नाव तिचं. दात नाहीत. तू कागदावर 'खराब' लिहितेस ना, तेच तिला चावता येतं.

नायदा : मग मी उद्या काय करू? ताटं भरली तर हे असं. रिकामी ठेवली तर यंत्र जाणार. माझं काहीच राहत नाही, मावशी.

युसेबिया : ट्रकवाल्यांना विचारलंस कधी? चापारेहून केळी येतात, तळाचे घड चेपतात. आम्ही घेत नाही. ते पुलाखाली ओतून जातात.

नायदा : ओतून? सगळे?

युसेबिया : माश्या घोंगावतात नुसत्या.

नायदा : ट्रकवाले माझ्या प्रश्नावलीतच नव्हते.

युसेबिया : शनिवारी येतात ते.

नायदा : आणि यंत्रवाले उद्या.

युसेबिया : तेही खरंच.

नायदा : हा वरचा क्रेट कुणाचा?

युसेबिया : फेलिसाचा. का गं? अगं, उचलतेस कुठं?

नायदा : परत देऊन येते, मग बाकीचेही. बाजार उठायला अजून वेळ आहे. ज्यांना यापा मिळाली नाही, त्यांच्यातल्या काहीजणी अजून इथंच फिरत असतील.

युसेबिया : आणि यंत्र?

नायदा : रिकामी ताटं दाखवीन. म्हणेन, माझा प्रश्न चुकला होता, शनिवारपर्यंत थांबा. थांबतील का ते?

युसेबिया : मला काय ठाऊक?

नायदा : मलाही नाही.

युसेबिया : थांब, ही पपई घे. सगळ्यात मऊ आहे, जपून धर. पुलाजवळ निळं दार, तेच तातांचं घर. तातांना आधी सांग, गाण्यात काही चुकलं नव्हतं.

नायदा : आणि असुंताबाईंना काय सांगू?

युसेबिया : ते मी काय सांगणार? अकरा वर्षं फळ देतेय, पण तिला पाहिलेलं नाही मी. दात नाहीत, एवढंच माहीत. पण प्रार्थनेला हात जोडशील ना, तेव्हा तिची आठवण ठेव, बाळा. असुंता. विसरशील हं.